आर्डिसचा बुटका पियानो

आर्डिसचा पियानो मी चर्चला दिला तेव्हा लिंडालच्या बायकांनी रुमाल काढले. बायको गेलेल्या माणसाने तिचं वाद्य देवाच्या घरी दिलं, एवढंच त्यांना दिसलं. खरी गोष्ट वेगळी आहे. तो पियानो मी लोवेल हॉगस्टाडवर सूड घ्यायला दिला.

मी पियानो सुरात लावतो आणि दुरुस्त करतो. मिनेसोटाच्या या भागात साठ मैलांत हे काम करणारा दुसरा कोणी नाही. लोक विचारतात, ऑर्लिन, घरात जागा थोडी आहे, कोणता पियानो घेऊ? मी म्हणतो, आधी वाजवणाऱ्याला माझ्यासमोर उभं कर, मग पियानोचं बघू.

सगळ्यात बुटका असतो त्याला स्पिनेट म्हणतात. जेमतेम कमरेपर्यंत येतो. खिडकीखाली मावतो, दोन माणसांना उचलता येतो. पण उंची कमी करायची म्हणून त्याची सगळी यंत्रणा पट्ट्यांच्या खाली टांगलेली असते. पट्टी दाबली की तिचं मागचं टोक वर जातं, ते एक सळई ओढतं, सळईच्या टोकाला बोटाच्या पेराएवढं कोपर असतं आणि ते कोपर हातोडीला हलवतं. मधे इतके हात लागले की निरोप उशिरा पोचतो. एकच सूर भराभर वाजवायचा असेल तर स्पिनेट दगा देतो. दुरुस्त करणाऱ्याची तर कंबर मोडते, कारण एक कोपर बदलायला पाठीवर झोपून खाली शिरावं लागतं. चार इंच जास्त उंच घेतला तर यंत्रणा पट्ट्यांवरच बसते. शिकणाऱ्या पोराला तो बरा. शाळांत असतो तो अजून उंच, चाकांवरचा, लाथा खाऊन टिकणारा. आणि मग ते जुने, उभ्या माणसाच्या छातीला लागणारे. त्यांच्या तारा लांब, खर्ज पोटात घुमतो. पण त्याच्यामागे बसलेला माणूस जगाला दिसत नाही आणि त्याला जग दिसत नाही.

हे शेवटचं वाक्य मी आता सांगतो. आधी कधी सांगत नव्हतो.

आर्डिस चार फूट अकरा इंच होती. घरी तिचा स्पिनेट होता, एकोणपन्नास साली घेतलेला. तिने तो कधी भिंतीला लावला नाही. बैठकीच्या खोलीत मधोमध, पाठ स्वयंपाकघराकडे. शिकवताना पियानोवरून तिला शेगडीवरचं बटाट्याचं पातेलं दिसायचं. लिंडालमधली निम्मी पोरं त्या पियानोवर बोटं ठेवायला शिकली. चर्चमध्येही तेव्हा असाच एक बुटका पियानो होता आणि तो सव्वीस वर्षं तिने वाजवला.

मग लोवेल हॉगस्टाड आला. कॉलेजात संगीत शिकलेला, सहा फूट चार इंच, आवाज दारापर्यंत पोचणारा. त्याला गायकवृंद सांभाळायला नेमलं. आल्या वर्षीच तो मला म्हणाला, "ऑर्लिन, या खेळण्याने चाळीस गळ्यांना आधार कसा मिळणार? खाली जमीनच नाही हो." शेजारच्या तालुक्यातली एक शाळा बंद होत होती, तिथला एक उंच जुना पियानो फुकट मिळत होता. लोवेल मला घेऊन गेला. मी झाकण उघडलं, खर्जाचे दोन सूर दाबले आणि म्हणालो, "घे. असा खर्ज या गावाने ऐकलेला नाही."

खोटं कशाला बोलू. सबंध हिवाळा मी त्या पियानोवर घालवला. हातोड्यांचा लोकरी नमदा नवा घातला, तारा पुसल्या, लाकूड तेलपाण्याने चमकवलं. चर्चमध्ये तो आला तेव्हा लोकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आर्डिसने त्याच्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "छान केलास रे."

ईस्टरच्या आधी आयनर मोएनचा अंत्यविधी होता. आमचे पास्टर नेस प्रार्थना संपली की उजवा हात थोडासा वर करतात, तो हात दिसला की आर्डिस भजन सुरू करायची. सव्वीस वर्षं कधी चूक नाही. त्या दिवशी पास्टर प्रार्थनेच्या मधेच होते आणि भजन सुरू झालं. दोन ओळी वाजल्या, मग थांबलं. आयनरची नातवंडं माना वळवून बघायला लागली. तीन आठवड्यांनी गायकवृंद उभा राहिला, लोवेलने हात हलवला, पुन्हा हलवला, पियानोतून आवाज नाही. लोवेल मोठ्याने म्हणाला, "आर्डिस, डोळा लागला की काय?" चर्च हसलं.

पुढच्या महिन्यात लोवेल चर्चच्या कारभारी मंडळाच्या बैठकीत म्हणाला की आर्डिसच्या डोक्याला आता विश्रांती द्यायला हवी. थकवा म्हणाला असता तर एक वेळ चाललं असतं. तो डोकं म्हणाला. आमच्या गावात एवढं पुरतं. कोणी वाईट बोलत नाही. फक्त आया सांगायला लागल्या की मुलाला आता बास्केटबॉल आहे, मुलीला गुरुवारी जमत नाही. दोन वर्षांत आर्डिसकडे एकही शिकणारं उरलं नाही. बायका तिच्याशी सावकाश बोलायला लागल्या, बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं. चर्चमध्ये लोवेल स्वतःच पियानो वाजवायचा आणि मान हलवून गायकांना खुणा करायचा. त्याची मान पियानोच्या वर येते.

मार्चमध्ये आर्डिस गेली. पायरीवरच्या बर्फावर मीठ टाकत होती, हृदय बंद पडलं. तिच्या अंत्यविधीला लोवेलने वाजवलं. त्याने चांगलं वाजवलं, हेच मला सहन झालं नाही.

एप्रिलमध्ये मी नेहमीप्रमाणे चर्चचा पियानो लावायला गेलो. हे काम मी उभ्याने करतो, झाकण उघडं, डोकं तारांत. त्या दिवशी गुडघे दुखत होते. लोवेलने स्वतःसाठी खुर्ची आणली होती, आर्डिसचं बाक कपाटामागे धूळ खात पडलं होतं. ते ओढून बसलो. मी तिच्यापेक्षा वीतभर उंच, म्हणून जरा वाकलो आणि सहज समोर बघितलं.

समोर लाकूड होतं. लाकडाच्या वर वेदीवरच्या मेणबत्तीची फक्त ज्योत दिसत होती. पास्टर नाहीत, हात नाही, गायक नाहीत. छत्तीस वर्षं पियानोंच्या आत बघितलं, एकदाही कोणाच्या जागी बसून पियानोच्या वरून बघितलं नव्हतं.

तिचं डोकं ठीक होतं. तिला दिसत नव्हतं एवढंच. आणि ती आंधळेपणाने अंदाज बांधत वाजवत होती तेव्हा एक माणूस तिच्यासमोर उभा होता, ज्याला हे सगळं कळायला हवं होतं. तो हसला होता आणि तिच्या जागी बसला होता. मला त्याच्याकडून एकच हवं होतं. ज्या लोकांसमोर तो "डोकं" म्हणाला होता त्यांच्यासमोर उभं राहून त्याने ते परत घ्यावं. पण मागितलं असतं तर त्याने गोड बोलून वाटेला लावलं असतं. म्हणून आधी त्याला तिच्याच जागी बसवायचं, तिने ऐकलं ते ऐकवायचं ठरवलं.

आमच्या चर्चची एक रीत आहे. मेलेल्या माणसाच्या नावाने दिलेली वस्तू नाकारता येत नाही आणि पितळी पाटी ठोकली की ती हलवताही येत नाही. दारातला दिवा सेल्मर बाक्केच्या नावाचा आहे. तो इतका खाली टांगलाय की गेली बावीस वर्षं उंच माणसं वाकून आत येतात. तो वर घ्या असं अजून कोणी म्हटलेलं नाही.

बैठकीत मी सांगितलं, आर्डिसचा स्पिनेट चर्चला देतो, प्रार्थनागृहात ठेवायला. पास्टर म्हणाले, "ऑर्लिन, हे फार मोठं मन आहे." लोवेल खुर्चीत हलला.

"भेट मोठीच आहे, वादच नाही," तो म्हणाला. "मला वाटतं तळघरात, रविवारच्या शाळेच्या पोरांना फार उपयोगी पडेल. मुलांच्या उंचीला तो अगदी..."

"तळघरात?" बोर्गहिल्ड लुंड म्हणाली. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची, बायकांच्या मंडळाची प्रमुख, गावात तिला कोणी उलट बोलत नाही. "आर्डिसला तळघरात टाकतोस?"

"आर्डिसला नाही हो, पियानोला."

"पाटीवर नाव कुणाचं असणार? तुझं?"

"तसं नाही. आवाजाच्या दृष्टीने बोलतोय मी. स्पिनेटचा खर्ज म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्यावर..." तो माझ्याकडे बघून थांबला.

"बोल की," मी म्हणालो. "तुझं शिक्षण झालंय, आम्हाला कळू दे."

"सव्वीस वर्षं आम्ही खोक्यावर गायलो," बोर्गहिल्ड म्हणाली, "देवाने कधी तक्रार केली नाही. मतदान घ्यायचंय का, पास्टर?"

मतदान कोणी मागितलं नाही. उंच पियानो तळघरात गेला.

आता मी केलं ते सांगतो. स्पिनेटची कोपरं त्या काळात काही कारखान्यांनी प्लॅस्टिकची केली होती. दहा-पंधरा वर्षांत ते प्लॅस्टिक वाळून खारी बिस्किटासारखं तुटतं. आर्डिसच्या पियानोतली ती सगळी मी बासष्ट सालीच काढून लाकडाची बसवली होती आणि जुनी कॉफीच्या डब्यात ठेवली होती. चर्चला द्यायच्या आधी मी तो डबा काढला. तीन दुपारी पियानोखाली पाठीवर झोपलो आणि मधल्या दोन सप्तकांतली, जिथे भजनं वाजतात तिथली चोवीस लाकडी कोपरं काढून ती मेलेली प्लॅस्टिकची परत लावली. आयुष्यभर पियानो दुरुस्त केले, हा पहिला मी बिघडवला, आणि तो तिचा. तिसऱ्या दिवशी खालून बाहेर आलो तेव्हा तिची खुर्ची समोर होती. मी ती भिंतीकडे वळवली आणि उरलेली चार कोपरं लावायला परत आत शिरलो.

पाटी मीच ठोकली. आर्डिस ब्राटन हिच्या स्मरणार्थ.

पहिले काही रविवार मला आवडले. स्पिनेटची पुस्तक ठेवायची पट्टी इतकी खाली असते की लोवेलला मान मोडून बघावं लागे, आणि त्याचा दुहेरी काचांचा चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर यायचा. उंच पियानोच्या आड वाकून तो प्रवचनात काय करायचा ते आता गावाला कळलं.

"लोवेल," बोर्गहिल्ड कॉफीच्या वेळी म्हणाली, "नोहाच्या तारवाच्या प्रवचनात चार जांभया. मोजल्या मी."

"पट्ट्या वर यायला फार वेळ घेतात," लोवेल मला म्हणाला. "एक सूर दोनदा मागितला तर दुसऱ्यांदा मिळतच नाही."

"हळू मागायचा," मी म्हणालो. "आर्डिसला मिळायचा."

ऑक्टोबरमध्ये चर्च गरम ठेवणारी भट्टी पेटली, हवा कोरडी झाली. दुसऱ्याच रविवारी भजनाच्या मधे पहिलं कोपर तुटलं. पट्टी मेल्या माशासारखी खाली पडली आणि त्या सुराच्या जागी भोक पडलं. लोवेलने दोनदा दाबली, तिसऱ्यांदा दाबली. गायकांतल्या एकाने हसू दाबलं. सोमवारी मला बोलावलं. मी आत शिरलो, तुटकं काढलं आणि डब्यातलं दुसरं तसलंच बसवलं.

मग दर रविवारी एक, एखाद्या रविवारी दोन. नोव्हेंबरपर्यंत आठ गेली. लोक काय बोलायला लागले ते मला हवं होतं तसंच होतं.

"एवढा मोठा हात, जरा जपून वाजवायचं."

"आर्डिसकडून वीस वर्षांत एक मोडलं नाही."

"कॉलेजात हे शिकवत नाहीत वाटतं."

एका बाईने माझ्यादेखत त्याला सावकाश, एकेक शब्द तोडून सांगितलं, "लोवेल, हळू, हळू दाबायचं." त्याचा चेहरा लाल झाला. त्या रात्री मी पोटभर जेवलो. आर्डिस गेल्यापासून पहिल्यांदा.

नोव्हेंबरच्या एका गुरुवारी दुपारी मी पियानोखाली होतो. पावलं आली, मोठे बूट माझ्या डोक्याशी थांबले.

"ऑर्लिन, बाहेर या जरा."

बाहेर आलो. लोवेलच्या हातात दोन कोपरं होती, एक पांढरं तुटकं, एक लाकडाचं.

"काल मी खालची फळी काढून टॉर्च मारला," तो म्हणाला. "डावीकडची सगळी लाकडाची. उजवीकडची सगळी लाकडाची. मधली चोवीस प्लॅस्टिकची. मोजली मी."

"जुना पियानो आहे."

"ऑर्लिन, मी पियानो दुरुस्त करत नाही, पण मूर्खही नाही. कारखाना असं का करेल? हे कोणी केलं?"

"मी."

तो समोरच्या बाकावर बसला. ओरडेल असं वाटलं होतं, ओरडला नाही. "का?"

"तिला दिसत नव्हतं म्हणून," मी म्हणालो. "तुझ्या त्या उंच धुडाच्या मागून तिला पास्टरांचा हात दिसत नव्हता. तुझाही दिसत नव्हता. तू तिला डोळा लागला का विचारलंस. तू मंडळाला सांगितलंस की तिचं डोकं गेलंय. ती तसंच ऐकत मेली. आता तू ऐक, हात जड झाला, बोटं बोथट झाली. कसं वाटतं?"

लोवेलने दोन्ही कोपरं बाकावर ठेवली. मग म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय?"

"तिला दिसत नव्हतं ते. तिने मला सांगितलं होतं. आयनरच्या अंत्यविधीच्या आधी, बुधवारी, तालमीनंतर. म्हणाली, पियानो जरा तिरका करता येईल का, मला पास्टर दिसत नाहीत. मी म्हणालो, तिरका केला तर आवाज भिंतीवर जाईल. म्हणालो, ऑर्लिनला विचारा, तो काही युक्ती काढेल, आरसा लावेल. तर ती म्हणाली, त्याला नको सांगू. त्याने सबंध हिवाळा घातलाय त्यात. त्याला वाटेल मला आवडला नाही. होईल मला सवय."

माझ्या हातात पेचकस होता. तो मी पिशवीत ठेवला, कारण तेव्हा हातात असणं बरं नव्हतं.

"आणि चूक झाल्यावर?" मी विचारलं. "तेव्हा तोंड का नाही उघडलंस? एक आरसा, लोवेल. दाढीचा आरसा चालला असता."

"कारण मला तिची जागा हवी होती." त्याने ते असं सांगितलं की जणू बरेच दिवस म्हणून बघत होता. "मला वाटलं मी जास्त चांगलं वाजवतो. वाजवतोही. पण ती स्वतःहून उठली नसती आणि मला तिला कोणी उठवू दिलं नसतं. मग ती चुकली. दुसऱ्यांदा मी मुद्दाम केलं. मान हलवून किंवा तोंडाने मोजून देता आलं असतं. मी फक्त हात हलवला, तिला दिसणार नाही असा."

बाहेर कोणीतरी बर्फ खरवडत होतं.

"रविवारी उभा राहा," मी म्हणालो. "आणि हे सगळ्यांसमोर सांग. तिचं डोकं ठीक होतं हे सांग."

"सांगेन. पण सांगितलं तर सगळं सांगावं लागेल. तिने तुम्हाला का सांगितलं नाही, तेही."

"सांग."

"तो पियानो चांगला आहे असं मला कोण म्हणालं, तेही."

"सांग म्हटलं ना."

"आणि ही कोपरं?"

"तुला हवं तर तेही सांग. मी लपलोय का कुठे?"

तो उठला. दारातल्या दिव्याखालून वाकून गेला. मी परत पियानोखाली शिरलो, पण काम केलं नाही. ती सगळा वसंत त्या लाकडामागे बसून अंदाजाने वाजवत होती, मला वाईट वाटू नये म्हणून. आणि मी पहिल्या रांगेत बसून खर्ज ऐकत होतो.

रविवारी सूचना झाल्यावर लोवेल पियानोपासून उठला आणि लोकांकडे तोंड करून उभा राहिला. हात खिशात घालू लागला, मग बाहेर काढले. सगळं सांगितलं. म्हणाला, आर्डिसला पास्टर दिसत नव्हते, तिने मला सांगितलं होतं, मी काही केलं नाही. दुसऱ्यांदा मी तिला मुद्दाम तोंडघशी पाडलं. मंडळाला मी जे सांगितलं ते खोटं होतं आणि मला ते तेव्हाही माहीत होतं. मग त्याने तो पियानो कोणी पसंत केला आणि आर्डिस आपल्या नवऱ्याला का बोलली नाही, तेही सांगितलं. कोपरांचं सांगितलं नाही. तेवढं त्याने गाळलं. त्याबद्दल मी त्याचे आभार मानलेले नाहीत.

मला वाटलं होतं की हे ऐकताना आतून काहीतरी मोकळं होईल. झालंही थोडं. त्याचा आवाज दोनदा अडकला, ते मला गोड लागलं. मागच्या रांगेत कोणीतरी रडत होतं. पास्टर नेस आपल्या उजव्या हाताकडे बघत होते.

नंतर सगळे तळघरात कॉफीला उतरले. आमच्याकडे असं काही झालं तरी कॉफी चुकत नाही. लोवेल एका टेबलाशी एकटाच बसला. त्याला एकटा बसलेला बघायला मी मुद्दाम त्याच टेबलावर, समोर बसलो. भिंतीशी तो उंच पियानो उभा होता, त्यावर पोरांचे कोट टाकलेले.

बोर्गहिल्ड मोठी किटली घेऊन टेबलं फिरत होती. आमच्यापाशी येऊन थांबली.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "दोन वर्षं मी त्या बाईशी लहान मुलाशी बोलावं तशी बोलले. तिला केकची कृती दोनदा सांगितली. ती दोन्ही वेळा हो हो म्हणाली."

"याला सांगा," मी लोवेलकडे बोट केलं. "याचं काम ते."

"त्याचं मला कळलं. त्याने सांगितलं." किटली तिने टेबलावर ठेवली नाही, हातातच धरली. "मी तुला विचारतेय, ऑर्लिन. आम्ही तिला आठवड्यातून एकदा बघायचो. तू रोज बघायचास. तिचं डोकं गेलंय हे तू मानलं होतंस का?"

आसपासच्या टेबलांवरच्या माना वळल्या. लोवेलनेही मान वर केली.

नाही म्हणता आलं असतं. बोर्गहिल्डला काय कळणार होतं? पण त्या चर्चमध्ये तासाभरापूर्वी एका माणसाने खरं सांगितलं होतं, आणि तो माणूस माझ्यासमोर बसला होता. त्याच्यापेक्षा कमी पडणं मला जमेना.

"गाडीची किल्ली मी लपवली होती," मी म्हणालो. "सांगितलं हरवली म्हणून."

"आणखी?"

"कामावर जाताना शेगडीची बटणं काढून कोटाच्या खिशात घालून न्यायचो. आग लावेल म्हणून."

"ती काय म्हणाली?"

"काही नाही. दुपारी थंडच खायची."

बोर्गहिल्डने लोवेलचा कप भरला. त्याच्याशी बोलली नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही, पण काठोकाठ भरला. माझा कप बशीत तसाच पुढे केलेला होता. त्याच्यावरून किटली नेऊन ती पुढच्या टेबलाकडे गेली आणि तिथे विचारू लागली, कुणाला हवीय, अजून गरम आहे.